उड्यांच्या वेळी जरा जोरात

पहिल्याच भेटीत त्याने तिच्यावर ओला कोट टांगला.

प्रेमकथेत नायकाने नायिकेच्या खांद्यावर कोट पांघरणं वगैरे आपण समजू शकतो, पण टांगणं... हे जरा नवीनच. झालं ते असं. बाहेर रिमझिम चालू होती. बॅले शाळेच्या काचेच्या दारातून एकेक पालक आपापल्या मुलीचा हात धरून आत शिरत होता. आणि कोट अडकवायच्या लाकडी स्टँडच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून, ती उभी होती. अंगात काळा लांब रेनकोट, एक हात पुढे केलेला, कारण त्या हातावर भाचीचं स्वेटर, भाचीचा टॉवेल आणि भाचीची पिशवी असा सगळा संसार होता. तेवढ्यात दारातून एक उंच, निथळणारा माणूस घाईघाईने आला, त्याने कोट काढला, तिच्या हातावर व्यवस्थित दुमडून टाकला आणि डोक्यावरची टोपी काढून ती कुठे ठेवावी याचा अंदाज घ्यायला लागला.

"टोपीपण ठेवायचीय?" तिने विचारलं.

तो असा दचकला की टोपी खाली पडली.

"अरे—! माफ करा हं... मला वाटलं की—"

"खुंटी."

"स्टँड," तो म्हणाला. जणू स्टँड म्हटल्याने अपमान जरा कमी होणार होता.

"डोळे शेवटचे कधी तपासले होते तुम्ही?"

"मी? कशाला? मला तर सगळं स्वच्छ दिसतं."

"हो, ते दिसलंच."

तो हसला. छान हसला. नेमकं तिच्याकडे बघून नाही, तिच्या कानाच्या जरा बाजूला बघून. पण हसला मात्र छान. मग कोट उचलून, खऱ्या स्टँडला अडकवून तो आतल्या दारातून नाहीसा झाला आणि थोड्याच वेळात आतून पियानो सुरू झाला. असा सुरू झाला की तिच्या हातावरचा टॉवेल, स्वेटर, पिशवी सगळं आपोआप हलकं झालं.

तर हा होता शाळेचा पियानोवाला. आणि ती?

तिला घरीदारी सगळे आत्याच म्हणत. होती ती एकाच मुलीची आत्या, पण भाचीच्या तोंडून तो शब्द गल्लीभर झाला आणि आता कोपऱ्यावरचा भाजीवालासुद्धा 'आत्या, आज मटार घ्या' म्हणायचा. तिशीला अजून थोडा अवकाश असलेल्या मुलीला हे ऐकून घेणं सोपं नाही, पण तिने ते हसून पचवलं होतं. चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची. अंधाऱ्या खोलीत लोकांना पाटीवरची अक्षरं वाचायला लावायची, एकामागून एक काचा फिरवायची आणि दिवसभर एकच प्रश्न विचारायची, "हे बरं, की हे?"

तोच प्रश्न सध्या तिच्याच गळ्यात पडला होता. भाची, जिला सगळे भिंगरी म्हणत, चालायला लागल्यापासून चालत नव्हतीच, ती फिरायची. गल्लीतल्या हौशी क्लासच्या ताईंनी यंदा हात टेकले. "माझ्याकडचं सगळं हिने संपवलं," त्या म्हणाल्या. "आता खऱ्या शाळेत घाला. पण बघून घाला हं. हे पाय घडायचं वय आहे. एकदा वेडेवाकडे घडले, की नवे पाय कुठे विकत मिळत नाहीत."

दादा फिरतीच्या नोकरीवर. वहिनीचे दिवस भरत आलेले, डॉक्टरांनी जिने चढायला सक्त मनाई केलेली. तिने पलंगावरूनच हुकूम सोडला होता, "तू जा. तू बघितलंस म्हणजे मी बघितलं." विश्वास ही फार छान गोष्ट असते, फक्त ती दुसऱ्यावर टाकलेली असावी. आपल्यावर टाकली की मानेला रग लागते.

शहरात नावाजलेल्या शाळा दोनच. त्यातली ही पहिली, काचेची. मऊ सोफे, कॉफीचं मशीन, भिंतीभर पांढऱ्या झालरीतल्या मुलींचे फोटो. वर्गाच्या दाराला दुधी काच, म्हणजे आतलं दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. संचालिका मॅडम अत्तराच्या ढगातून चालत यायच्या आणि म्हणायच्या, "आमच्याकडे पहिल्याच वर्षी टोकाचे बूट!" टोकाचे बूट म्हणजे ते गुलाबी, रेशमी फितीचे, ज्यांच्या टोकावर उभं राहून मुली हवेत तरंगल्यासारख्या दिसतात. ते ऐकल्यापासून भिंगरीला झोपेतही गुलाबी दिसू लागलं होतं.

प्रवेश घ्यायच्या आधी थोडे दिवस वर्गाला येऊन बघायची सोय होती. भिंगरी आत जायची, आत्या बाहेर सोफ्यावर बसायची. मधल्या सुट्टीत पियानोवाला कपभर कॉफी घ्यायला बाहेर यायचा आणि चुकून दुसऱ्याच कुठल्या तरी बाईंसमोर उभा राहून म्हणायचा, "नमस्कार! आज भिजला नाहीत ना?" त्या बाई गोंधळायच्या. मग आत्या सोफ्यावरून म्हणायची, "इकडे, इकडे." आवाज ऐकला की त्याचा चेहरा असा उजळायचा की ज्यांना दिसत होतं त्या सगळ्या पालकांना दिसायचा.

"तुम्ही रोज जागा बदलता," तो तक्रार करायचा.

"मी रोज इथेच बसते. तुम्ही रोज दिशा बदलता."

"मग तुम्ही बोलत राहा ना. म्हणजे मी चुकणार नाही."

"एकटीच बोलत बसू? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, पियानोवाल्याची सोय करतेय..."

तिने कॉफीच्या कपात बघितलं. कपात काही नव्हतं, कॉफी कधीच संपली होती.

मग घंटा व्हायची, तो आत जायचा, आणि वर्गाच्या शेवटी शेवटी एक वॉल्ट्झ, तीन ठोक्यांचा नाचाचा ताल, यायचा. भरदार, घुमणारा, खोलीच्या भिंती बाहेर ढकलणारा. दुधी काच थरथरायची. पालक मोबाइलवरून मान वर करून एकमेकांकडे कौतुकाने बघायचे. आत मुली उड्या मारताहेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अशा सुरांवर उडी मारणारी मुलगी ढगातच उतरत असणार, अशी आत्याची खात्री होती.

मधे एक दिवस तिने कर्तव्य म्हणून दुसरी शाळाही बघितली. ती एका लाँड्रीच्या वर होती. अरुंद जिना, खालून येणारी इस्त्रीची वाफ, साबणाचा वास. पालकांनी बसायचं ते जिन्याच्या पायऱ्यांवर. तिथल्या मोठ्या बाई खरं तर अगदी लहानखुऱ्या होत्या, पांढरे केस मानेवर घट्ट बांधलेले, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्दाला जकात लागत असावी. त्यांनी भिंगरीला लाकडी दांड्याला धरून उभं केलं आणि अख्खा वेळ फक्त गुडघे वाकवायला लावले. वाकव, सरळ कर. वाकव, सरळ कर.

"आणि टोकाचे बूट?" भिंगरीने धीर करून विचारलं होतं.

"बघू," बाई म्हणाल्या. "वर्षं जाऊ देत थोडी."

घरी येईपर्यंत भिंगरीचं नाक लाल झालं होतं. "तिथे पियानोसुद्धा कुणी वाजवत नाही!" ती म्हणाली. आत्यालाही नेमकं तेच खटकलं होतं. कारणं दोघींची वेगळी होती, हे मात्र भिंगरीला माहीत नव्हतं.

"हं, सांग," वहिनी पाय उशीवर ठेवून म्हणाली. "दोन्हीकडे काय काय बघितलंस?"

आत्याने सांगायला सुरुवात केली. काचेच्या शाळेतला पियानो कसा, सूर कसे, वाजवणाऱ्याचा हात कसा, वॉल्ट्झ आला की अंगावर काटा कसा येतो. वहिनीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"एक विचारू? नाचायला ही जाणार आहे, की ऐकायला तू?"

"काहीतरीच काय, वहिनी!"

"बरं बाई. शनिवारी प्रवेश आहे ना? तू म्हणशील तिथे घालू."

जगाचे नंबर काढणाऱ्या त्या मुलीला स्वतःला किती कमी दिसायला लागलं होतं, हे वहिनीला पलंगावरून दिसत होतं. पण सांगणार कोण? अशा वेळी सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

बुधवारी दुपारी दुकानाचं दार उघडलं आणि पियानोवाला आत आला. आधी त्याने पुठ्ठ्याच्या जाहिरातीतल्या बाईला नमस्कार केला, मग आत्याने हाक मारल्यावर वळला.

"तपासून घ्यावेत म्हटलं," तो म्हणाला. "इतक्या वेळा टोमणे ऐकले..."

अंधाऱ्या खोलीत तिने त्याला खुर्चीवर बसवलं. ती जड, गोल चौकट त्याच्या नाकावर ठेवली. बोटं जराशी त्याच्या कानाला लागली आणि रोज दहा जणांच्या कानाला लागणारी तीच बोटं आज एकदम अवघडली. तिने घसा साफ केला.

"समोर बघा. हे बरं, की हे?"

"हे."

"आता? हे, की हे?"

"दोन्ही वाईट."

"आणि हे?"

पाटी समोर होती, पण तो पाटीकडे बघत नव्हता. काच बदलायला ती वाकली होती, तिच्या चेहऱ्यावर त्या छोट्या दिव्याचा उजेड पडला होता, आणि तो बघत होता... कानाच्या बाजूला नाही. सरळ.

"थांबा," तो हळूच म्हणाला. "ही काच काढू नका."

"अक्षरं वाचा ना."

"तुम्ही अशा दिसता होय..."

"अशा म्हणजे कशा?"

"आवाजासारख्याच," तो म्हणाला.

दुकानात बाहेर कुणीतरी मोठ्याने किंमत विचारत होतं. शेवटी, काहीतरी बोलायला हवं म्हणून, ती म्हणाली, "शनिवारी भिंगरीचा प्रवेश घेतेय. तुमच्याच शाळेत. म्हणजे... बरी आहे ना शाळा? तुम्ही तर आत असता. ही बरी, की लाँड्रीवरची?"

अगदी सहज विचारलं होतं. 'हीच बरी' एवढं उत्तर यायला वेळ तो काय लागणार? पण वेळ लागला. आणि मग त्याने नाकावरची चौकट काढून मांडीवर ठेवली.

"हे का काढलंत?"

"आता खरं सांगणार आहे. तुमचा चेहरा दिसला तर जीभ अडखळेल." त्याने श्वास घेतला. "नका घालू तिला तिथे."

"काय?"

"मला मुली दिसत नाहीत. नुसत्या पांढऱ्या हलत्या सावल्या. मग ताल धरायचा कसा? मी पाय ऐकतो. उडी मारल्यावर पाय खाली कसा येतो, त्यावर माझे हात चालतात. आणि तिथे पाय येतात ते... पोतं टाकल्यासारखे. गुडघा, घोटा, बोटं, सगळं वाकवत, आवाज न करता खाली यायला शिकायचं तर वर्षं जातात हो. तेवढा धीर पालकांना नसतो, म्हणून मॅडमनाही नाही. लगेच बूट, लगेच कार्यक्रम, लगेच फोटो. मॅडमनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, 'उड्यांच्या वेळी जरा जोरात.' मला वाटलं, मुलींना हुरूप यावा म्हणून."

"तो वॉल्ट्झ—"

"तो धपधप झाकायला आहे. बाहेर सोफ्यापर्यंत ऐकू जाऊ नये म्हणून."

तिला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. ज्या सुरांसाठी ती रोज त्या सोफ्यावर येऊन बसत होती, ज्यांच्याबद्दल वहिनीला भरभरून सांगत होती, ते सूर म्हणजे नुसतं पांघरूण होतं तर!

"आणि हे कळल्यावरही तुम्ही वाजवत राहिलात?"

"राहिलो."

"भिंगरी आली तरी?"

"उलट... ती आल्यावर जास्तच जोरात."

"का?"

"ती धपधप तुम्हाला ऐकू आली असती, तर तुम्ही परत आला नसतात ना," तो म्हणाला, आणि मांडीवरच्या चौकटीची काडी उघडत-मिटत राहिला.

रागवावं की लाजावं, हे ठरेना. दोन्ही एकदम आलं तर माणसाचं काय होतं, हे त्या दिवशी तिला कळलं: कान तापतात आणि आवाज विनाकारण करडा होतो. "नंबर बराच आहे," ती म्हणाली. "चष्मा शुक्रवारी मिळेल."

दारापर्यंत जाऊन तो थांबला. "उद्या सोफ्यावर बसू नका. दाराजवळ बसा."

दुसऱ्या दिवशी ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली. वर्ग नेहमीसारखा चालला. शेवटी वॉल्ट्झ सुरू झाला, पण आज तो वेगळाच होता. पाऊल न वाजवता घरात शिरावं तसा. सुरांमधे भरपूर जागा सोडलेली, आणि त्या जागांमधून दुधी काचेपलीकडचं सगळं बाहेर येत होतं. धप्. धप्. धप्प.

पालकांनी माना वर केल्या. "वरच्या मजल्यावर काही काम चाललंय का हो?" एका वडिलांनी विचारलं. बाकीच्यांनी छताकडे पाहिलं, मग हळूहळू दाराकडे. आत्याने मात्र डोळे मिटले होते. त्यातलं एक धप्प भिंगरीचं होतं. इतकुशा घोट्यांवर, पायाच्या इतकुशा हाडांवर, पुन्हा पुन्हा. आणि आपण शनिवारी तिला हौसेने इथे आणून सोडणार होतो...

आत मॅडमचा आवाज चढला, पियानो थांबला. थोड्या वेळाने दार उघडून तो कोट काखेत धरून बाहेर आला.

"न बघता सांगतो, तुम्ही दाराजवळच आहात," तो म्हणाला.

"काय झालं?"

"सुट्टी मिळाली. कायमची." आणि एवढं मोठं काहीतरी गमावलेला माणूस दिसायला हवा तसा तो अजिबात दिसत नव्हता. तिला बरंच काही बोलायचं होतं, पण तेवढ्यात भिंगरी घामेजलेली, लाल गालांची, टॉवेल मागत आली. टॉवेल देऊन होईस्तोवर तो रिमझिमत्या पावसात निघूनही गेला होता.

खरा प्रश्न पुढेच होता. भिंगरीला कोण सांगणार? आत्याने ठरवलं असतं तर 'मी म्हणते म्हणून' एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण मनाविरुद्ध घातलेल्या शाळेत मूल जातं, शिकत नाही. म्हणून शुक्रवारी ती फक्त म्हणाली, "लाँड्रीवर एकदा परत जाऊन येऊ. नाहीच आवडलं, तर बोलू."

भिंगरी फुगलेलं तोंड घेऊन जिना चढली. आत मोठ्या मुलींचा वर्ग चालू होता, दार लोटलेलं होतं. दोघी वरच्या पायरीवर बसल्या. खालून वाफ येत होती, इस्त्रीचे फुसफुस आवाज येत होते.

"वर्ग संपला वाटतं," भिंगरी म्हणाली. "काहीच ऐकू येत नाही."

"बघ बघू."

भिंगरीने दाराच्या फटीला डोळा लावला. आणि तिथेच राहिली. आत्या तिच्या डोक्यावरून वाकली. आत मुली एका कोपऱ्यातून निघून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत उड्या घेत जात होत्या. उंच, ताणलेल्या, एकीमागून एक. मोठ्या बाई बोटांनी चुटक्या वाजवत होत्या. चुटक्या ऐकू येत होत्या, मुलींचे श्वाससुद्धा ऐकू येत होते. पाय ऐकू येत नव्हते.

"आत्या," भिंगरी कुजबुजली, "या खाली येतच नाहीत का गं?"

मग ती मागे सरली, जिन्याच्या वळणावरच्या चौकोनात उभी राहिली आणि तिने उडी मारली. धप्प! तिने पायांकडे रागाने बघितलं. परत मारली. धप्प!

दार उघडलं. "जिन्यावर पोती कोण टाकतंय?"

"मी," भिंगरी म्हणाली.

"परत टाक बघू." बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. भिंगरीने उडी मारली. "आधी बोटं. मग पंजा. टाच सगळ्यात शेवटी. आणि गुडघा कशाला दिलाय देवाने? वाकव." भिंगरीने परत मारली. या वेळचं धप्प जरासं... जरासंच लहान होतं. पण ते तिच्या स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि तिचे डोळे मोठे झाले.

"टोकाचे बूट कधी मिळतील?" तिने विचारलं. सवयीने विचारलं असावं.

"पाय म्हणतील तेव्हा. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, ते इथे चालायचं नाही."

भिंगरीने थोडा विचार केला. "मग उद्या किती वाजता येऊ?"

त्या रात्रीच्या जेवणाआधी आत्या वहिनीच्या पलंगावर जाऊन बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. वॉल्ट्झ, सोफा, चष्म्याची खोली, सगळं. "मी चुकणार होते, वहिनी. तू एवढा विश्वास टाकलास आणि मी... मला शाळा दिसलीच नाही. भलतंच दिसत होतं."

वहिनीने तिचा हात हातात घेतला. "चुकणार होतीस. चुकलीस का? नाही ना? मग रडतेस कशाला, वेडे." ती उशीला टेकली. "आता महत्त्वाचं सांग. तो आहे कुठे?"

"काय माहीत! मी जिन्यावर होते तेव्हा दुकानातून चष्मा घेऊन गेला म्हणे. माझी वाट बघत थोडा वेळ बसला आणि गेला." भाचीची शाळा नीट निवडली, मनावरचं ओझं उतरलं, सगळं छान झालं... पण तो सोफा गेला, ती मधली सुट्टी गेली, आणि त्या माणसाचा पत्ता विचारायचं राहून गेलं. तिला तो हवा होता. हे आता स्वतःपासून लपवण्यात काही अर्थ नव्हता.

पुढच्या आठवड्यात भिंगरीचा वर्ग सुरू झाला. आत्या जिन्याच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली. आतून बाईंचा आवाज येत होता: वाकव, सरळ कर. मग एकाएकी पियानो वाजला. ती ताडकन उठून उभी राहिली. थोडेच सूर. लगेच बाई कडाडल्या, "बस! बस!" आणि मग बराच वेळ खालच्या आवाजात त्यांचं काहीतरी बोलणं.

दार उघडलं. तो बाहेर आला, नव्या चष्म्यात, कोट नीट हातावर घेतलेला. त्याने जिन्याकडे पाहिलं आणि तिला बघितलं. ती एक अक्षरही बोलली नव्हती.

"तुम्ही—इथे?" शेवटी तीच म्हणाली.

"नोकरी मागायला आलो होतो. बाईंकडे पियानो आहे, वाजवायला कुणी नाही, असं भिंगरी एकदा म्हणाली होती."

"मग? मिळाली?"

"अर्धी."

"अर्धी कशी मिळते नोकरी?"

"बाई म्हणाल्या, तुझा हात जड आहे. तुला झाकायची सवय लागलीय. जिन्यावर बस आणि आतले पाय ऐक. पाय नीट ऐकू यायला लागले, की मग आत ये आणि वाजव." त्याने जिन्याकडे पाहिलं. "बसायला जागा आहे?"

तिने मांडीवरची पिशवी पलीकडे ठेवली आणि सरकली. जिना अरुंद होता. फार सरकता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिने फारसा प्रयत्नही केला नाही. तो बसला. खालून वाफेचा उबदार झोत आला आणि दोघांच्या मधून वर गेला.

"त्या दिवशी अंधारात, चौकट काढून बोललो," तो म्हणाला. "ते काही बरोबर नव्हतं. आज उजेडात, तुमच्याकडे बघून सांगतो. मला तुम्ही फार आवडता."

तिने मान वळवली. तो खरंच बघत होता, पापणी न हलवता.

"मलाही एक सांगायचंय," ती म्हणाली. "मी ती शाळा... जवळजवळ तुमच्यासाठीच निवडली होती."

"माहीत आहे."

"आणि मग नाही निवडली."

"तेही माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणून तर इथे आलो."

तिने त्याच्या हातावरचा कोट उचलून आपल्या मांडीवर घेतला, आणि त्याचा रिकामा झालेला हात तिच्या हाताशेजारी पायरीवर येऊन टेकला. दोन्ही हात तसेच राहिले. आत कुणीतरी उडी मारली असावी, कारण बाई म्हणाल्या, "आता बरं." ऐकू मात्र काहीच आलं नव्हतं.

"हात हलका व्हायला किती दिवस लागतील, काही म्हणाल्या का बाई?" तिने विचारलं.

"म्हणाल्या, ते तुझ्यावर आहे."

"मग घाई करू नका हं," ती म्हणाली. "सावकाश शिका."